पागोळीपर्यंत घर: गावठाण नकाशाच्या नोंदी

भोर तालुक्यातलं एक गाव आहे, नाव मुद्दाम लिहीत नाही, पुढे वाचलं की कळेल का ते. काम ग्रामपंचायतीचं. गटारं कुठून काढायची आणि पाण्याची नवी लाईन कुठून न्यायची यासाठी गावठाणाचा नकाशा हवाय, उतारासकट. टीम म्हणजे मी, सुमेध आणि सुमेधची गाडी.

६ जानेवारी २०२५, सोमवार

पहिली चक्कर. गावठाण साधारण ११ एकरांचं, अर्धी घरं कौलारू, बाकी पत्रा नाहीतर स्लॅब. पाऊस इकडे भरपूर, त्यामुळे जुन्या घरांच्या पागोळ्या, म्हणजे भिंतीबाहेर आलेल्या छपराच्या कडा, चांगल्या लांब काढलेल्या. लोकसंख्या दोन हजाराच्या आत, म्हणून इथे सिटी सर्व्हे, म्हणजे घराघराच्या हद्दीची सरकारी मोजणी, कधी झालाच नाही. शेताला सातबारा आहे पण राहत्या घराला पंचायतीचा नमुना ८ (घरपट्टीची नोंद) सोडला तर काही नाही, आणि त्यात चतुःसीमा म्हणजे 'पूर्वेस रस्ता, पश्चिमेस अमक्याचे घर' एवढंच.

सरपंचांना सांगितलं की हा कामापुरता नकाशा आहे, मोजणी नाही. ते म्हणाले हो हो माहितेय. मग लगेच विचारलं, "पण हद्दी दिसतील ना त्यात?"

ड्रोन दीड किलोच्या आतला, म्हणजे मायक्रो वर्गात बसतो, सर्टिफिकेट सुमेधकडे आहे, सरकारच्या डिजिटल स्काय पोर्टलवर ग्रीन झोन दाखवतंय म्हणजे १२० मीटरपर्यंत जाता येतं. आपण ६० वरच उडवू, एका पिक्सेलला साधारण १.६ सेंमी जमीन येते, गटाराच्या कामाला तेवढं खूप झालं. ओव्हरलॅप, म्हणजे एक फोटो शेजारच्या फोटोवर किती चढतो ते, पुढे ८०, बाजूला ७० टक्के.

९ जानेवारी, गुरुवार

जीसीपी मारले, ११. म्हणजे रस्त्यावर, पारावर, शाळेच्या मैदानात चुन्याच्या फुल्या काढायच्या आणि प्रत्येक फुलीच्या मधोमध आरटीके (सेंटीमीटरपर्यंत नेमकं जीपीएस) लावून रीडिंग घ्यायचं. फोटोत ती फुली दिसते, तिचा खरा पत्ता आपल्याकडे असतो, मग सगळा नकाशा त्या ११ खुंट्यांना टांगायचा. एक फुली कोंबड्यांनी विस्कटली, एक परत काढायला लागली कारण ट्रॅक्टर.

काम सोपं होतं पण चुन्याचा अर्थ इथे वेगळा आहे हे मला उशिरा कळलं. मारुतीच्या देवळामागे एक आजी ओट्यावर बसून शेंगा निवडत होत्या, त्यांनी विचारलं, "पोरी, चुना कशापायी टाकतीस? मोजणी आली व्हय?" मी म्हणाले नाही आजी, गटारासाठी आहे. त्यांना काही ते पटलं नाही. बरोबरच आहे त्यांचं. स्वामित्व योजनेत, म्हणजे ड्रोनने गावठाण मोजून घरांना मालकीचं कार्ड देतात त्या सरकारी योजनेत, ड्रोन यायच्या आधी घराघराच्या हद्दीवर चुन्याचीच रेघ मारतात, म्हणजे वरून काढलेल्या फोटोत हद्द पांढरी दिसते. ड्रोनला हद्द काय समजणार, त्याला चुना तेवढा दिसतो. आसपासच्या गावात हे होऊन गेलंय त्यामुळे चुना म्हणजे मोजणी हे समीकरण पक्कं बसलेलं.

पारावर एक म्हातारबाबा भेटले, त्यांचे वडील मोजणीवाल्यांची साखळी ओढायला जायचे. शंकू साखळी, ३३ फुटांची, १६ आण्यांची म्हणजे १६ भागांची. मला हे फार भारी वाटतं की गुंठा म्हणजे एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद, ३३ गुणिले ३३, १०८९ चौरस फूट, म्हणजे आपण ज्या मापात जमीन विकतो, भांडतो, पोरीच्या लग्नाला काढतो ते माप मुळात एका हत्याराची लांबी आहे. बाबा म्हणाले चढावर साखळी जमिनीला टेकवून ओढली की रान जास्त भरायचं आणि ताणून आडवी धरली की कमी, "मग मोजणारा कुणाच्या घरी जेवलाय त्यावर साखळी ताणायची." हसले. मला नाही वाटत ते गंमत करत होते.

(हिंगणघाटला विल्यम लॅम्ब्टनची कबर आहे. १८०२ ला मद्रासजवळून त्रिकोणांच्या जाळ्याने देश मोजत निघालेला माणूस, अर्धा टन वजनाचं थिओडोलाईट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, घेऊन, १८२३ ला तिथेच वारला. एकदा जाऊन यायचंय.)

१० जानेवारी, शुक्रवार

सकाळी साडेसातला पोचलो तर गावात आमच्यापेक्षा जास्त चुना. रात्रीत कुणीकुणी आपापल्या घराभोवती रेघा मारून ठेवल्या होत्या. मोजल्या, सात घरं. कुणी नीट दोरी लावून, कुणी हातानेच, एकाने तर अंगणातला उकिरडा आणि त्यापलीकडचं शेवग्याचं झाडसुद्धा आत घेतलेलं. सुमेध हसत सुटला, मला हसू येईना.

यातली एक रेघ लक्षात ठेवण्यासारखी आहे. दोन चुलत घरं आहेत शेजारी शेजारी, नावं नको, वरचे आणि खालचे म्हणू. दोघांच्या मधे बोळ आहे. खालच्यांनी परसातून रेघ मारलीये ती बोळाचं मागचं तोंड सरळ आपल्यात घेऊन. वरचे हडपसरला नोकरीला असतात, घराला कुलूप. म्हणजे रात्री ज्याच्या हातात चुन्याची पाटी त्याची हद्द.

उडवायचं का थांबायचं? रेघा पुसायला गेलो असतो तर आपण कुणाची तरी बाजू घेतली असं झालं असतं. थांबलो असतो तर परत भाडं, परत परवानगी बघा. उडवलं. दोन उड्डाणं, एक सरळ खाली बघत आणि एक तिरका कॅमेरा करून, ४१२ फोटो. दुसऱ्या उड्डाणात दोन घारी मागे लागल्या, सुमेधने खाली घेतला आणि दहा मिनिटांनी परत सुरू केलं. सव्वा अकराला आटपलं, सावल्या आखूड असताना पाहिजे होतं त्यापेक्षा थोडं आधीच झालं, चालतंय.

१३ जानेवारी, सोमवार

प्रोसेसिंगला टाकलं होतं शनिवारपासून, मेटाशेपने (फोटो जोडणारं सॉफ्टवेअर) लॅपटॉपचा तवा केला. चेक पॉईंटवर, म्हणजे पडताळ्याच्या फुल्यांवर, चूक ३ सेंमीच्या आसपास, मस्त.

पण ऑर्थो, म्हणजे सगळे फोटो जोडून झालेला एक मोठा फोटो, झूम करून बघितला की गंमत दिसते. कौलांच्या कडा मेण वितळल्यासारख्या. पाराजवळच्या चिंचेने तीन घरं खाल्ली, झाडाखाली काय आहे ते कॅमेऱ्याला दिसतच नाही तर सॉफ्टवेअर तरी काय दाखवणार. आणि उंच वस्तू फोटोत बाहेरच्या बाजूला कलते हे कायम लक्षात ठेवायला लागतं. ६ मीटर उंचीचं घर फोटोच्या मध्यापासून ३० मीटरवर असेल आणि आपण ६० वरून बघत असू तर त्याचा माथा पायापासून सव्वातीन मीटर लांब सरकलेला दिसतो. ऑर्थो म्हणजे हे कलणं दुरुस्त केलेला फोटो, पण दुरुस्ती होते ती सॉफ्टवेअरने अंदाजलेल्या उंचीवरून, आणि उंची कडेलाच सगळ्यात जास्त चुकते. म्हणजे घराची कड, जी सगळ्यांना हवी असते, नेमकी तीच सगळ्यात कच्ची. ३ सेंमी हा आकडा रस्त्यावरच्या फुल्यांचा आहे, कौलांच्या कडेचा नाही. रिपोर्टमध्ये मात्र एकच आकडा छापून येतो.

उद्या संक्रांत, सुट्टी.

१८ जानेवारी, शनिवार

सकाळपासून फोन. टीव्हीवर पंतप्रधानांचा कार्यक्रम झाला, स्वामित्वची ६५ लाखाच्या वर कार्डं एका दिवसात वाटली, १० राज्यं आणि दोन केंद्रशासित प्रदेश, त्यात महाराष्ट्र पण. गावाने हिशोब लावला की आठ दिवसापूर्वी ड्रोन उडाला म्हणजे आपली कार्डं आली. चार जणांनी मला विचारलं, एका काकांनी तर "आमचं लॅमिनेशन करून द्या" म्हणून सांगितलं.

प्रत्येकाला तेच समजावलं. तो ड्रोन वेगळा, तो भारतीय सर्वेक्षण विभाग उडवतो, पुढचं काम भूमी अभिलेख खातं करतं, फोटोवरून कच्चा नकाशा निघाला की तो घेऊन माणसं गावात येतात, जागेवर पडताळा होतो, चौकशी होते, हरकती घेतात, मग मिळकत पत्रिका, म्हणजे ते कार्ड. ही पद्धत पुणे जिल्ह्यातच पहिल्यांदा करून बघितली, पुरंदरमधल्या सोनोरीला, मल्हारगडाच्या पायथ्याला. देशभरात २०२० च्या २४ एप्रिलला सुरुवात झाली, सहा राज्यांत आधी. तुमच्या गावची चौकशी अजून व्हायचीये. आमचा नकाशा गटाराचा आहे. गटाराचा!

"बरं बरं, पण तुमच्यात बी हद्द दिसतीच की."

२२ जानेवारी, बुधवार

डिजिटाइझ करतेय, म्हणजे फोटोवरून रेषा काढतेय, क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये, एकेक घर. दुपारपर्यंत ६० घरं झाली आणि मग हात थांबला कारण मी काय काढतेय हाच प्रश्न पडला. फोटोत दिसतं ते छप्पर. मी छपराच्या कडेने रेघ मारते आणि लेयरचं नाव ठेवलंय 'घर'. पण घर म्हणजे भिंत, भिंतीच्या बाहेर पागोळी. पागोळीखालची जागा कुणाची यावर या तालुक्यात किती दिवाणी दावे असतील देव जाणे.

म्हणून गावात गेलो टेप घेऊन. १४ घरं मोजली. पागोळी दीड फुटापासून ते सव्वादोन फुटापर्यंत, पत्र्याची घरं कमी, कौलारू जास्त. म्हणजे चारी बाजूंनी धरलं तर ३० बाय २० च्या छोट्या घराला मी कागदावर सरळ दोनशे चौरस फूट वाढवून दिलेत, आणि माझ्या हातून ते एका क्लिकमध्ये झालं.

मग तो बोळ. वरच्यांची पागोळी २ फूट, खालच्यांची पावणेदोन, आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत अंतर ३ फूट २ इंच. छपरं एकाखाली एक घुसलेली. खाली उभं राहिलं तर आडवं होऊन हंडा घेऊन बाई जाईल एवढी वाट आहे, शेवाळ आहे, मधे दगडी पन्हाळ बसवलेली आहे जुनी, कडेला कुणाची तरी फुटकी चप्पल. वरून बघितलं तर काहीच नाही, दोन घरं चिकटलेली. माझ्या नकाशात हा बोळ नाहीये.

त्या शेंगावाल्या आजींचं घर बोळाच्या खालच्या अंगाला आहे. त्या म्हणाल्या, "सगळ्या वरच्या आळीचं पाणी हितनंच येतं, आषाढात गुडघाभर. तुमच्या इमानाला ईचारू नका, मला ईचारा." लिहून घेतलं, टाइमपास म्हणून नाही, खरंच लिहून घेतलं, तारीख टाकून.

२४ जानेवारी

सुमेधशी वाद. त्याचं म्हणणं रेघा जशा दिसतात तशा ठेव, फोटो खोटं बोलत नाही. मी म्हणतेय फोटो खोटं बोलत नाही पण चुना बोलतो ना. आठ सेंमी रुंद रेघ म्हणजे पाच पिक्सेल, इतकी ठसठशीत की नकाशात डोळा पहिला तिकडेच जातो. मग पुसून टाकायच्या का? तर ती छेडछाड झाली, ते तर मी करणारच नाही. शेवटी काही न ठरवता प्रिंटला दिलं कारण परवा ग्रामसभा. हे चुकलं. आत्ताच लिहून ठेवते.

२६ जानेवारी, रविवार

ग्रामसभा. सहा बाय चारचा फ्लेक्स चावडीच्या भिंतीला लावला आणि गटार बाजूलाच राहिलं. प्रत्येक माणूस आधी आपलं घर शोधतो, मग आपला गोठा, मग शेजाऱ्याने किती दाबलंय ते. लहान पोरं बोट ठेवून ओरडत होती आमची गाय आमची गाय, आणि खरंच गाय होती, पांढरी, चाळीसएक पिक्सेल रुंद. अर्धा तास फार छान गेला खरं सांगायचं तर. आपलं गाव वरून बघायला मिळणं ही साधी गोष्ट नाही, एक आजोबा नुसते हात मागे बांधून बघत उभे होते, काही न बोलता.

मग वरचे आले, झेंडावंदनाला हडपसरवरून आले होते. त्यांनी आपलं परस शोधलं आणि रेघ बघितली.

"ही पांढरी रेघ कसली?"

खालचे म्हणाले, "नकाशात हाय ती."

बस, एवढंच म्हणाले. मी मारली, माझी आहे, असं काहीही नाही. नकाशात हाय ती. आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी उठून सांगितलं की रेघ आम्ही मारलेली नाही, आदल्या रात्री कुणीतरी मारली, ड्रोनने नुसता फोटो काढला. वरच्यांनी विचारलं मग बोळ कुठाय. मी म्हणाले बोळ पागोळीखाली आहे, दिसत नाही. ते म्हणाले, "म्हणजे जी नाही ती रेघ दिसते आणि जो आहे तो बोळ दिसत नाही." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. ग्रामसेवकांनी विषय पुढे ढकलला.

फ्लेक्स काढून घेतला. पण तोवर वीस मोबाईलमध्ये फोटो गेले होते, संध्याकाळी गावच्या ग्रुपवर होताच, कुणीतरी वर लिहिलेलं 'सरकारी ड्रोन सर्वे २०२५'.

१ फेब्रुवारी, शनिवार

ठरवलं आणि केलं. पंचायतीला द्यायच्या प्रतीत मागचा फोटो नाही, फक्त रेषा. छपराची कड तुटक रेषेने, भिंत जिथे टेपने मोजली तिथेच सलग. बोळ मोजून घातले, एकूण नऊ निघाले, त्यातले फोटोत दिसणारे चार. चिंचेखालची तीन घरं टेपने. कुंपण, चुना, काही नाही. खाली मोठ्या अक्षरात: हा नकाशा गटार व पाणी योजनेच्या नियोजनासाठी आहे, हद्द ठरवण्यासाठी नाही. मूळ ऑर्थो आमच्याकडे आहे तसा ठेवलाय, हात न लावता.

सुमेध म्हणाला आता हा नकाशा फ्लेक्सपेक्षा गरीब दिसतो. दिसतोच. लोकांना रंगीत फोटो दिला की ते त्यावर विश्वास ठेवतात, रेषा दिल्या की विचारतात ही कुणी काढली. मला दुसरं हवंय.

१५ फेब्रुवारी, शनिवार

उताराचं काम. डीएसएमवर पाणी सोडून बघितलं कॉम्प्युटरमध्ये. डीएसएम म्हणजे वरून जे पहिलं लागतं त्याची उंची, मग ते कौल असो, कडब्याची गंजी असो, नाहीतर उभा ट्रक. त्यामुळे मॉडेलमधलं पाणी बोळापाशी येऊन थांबतं, त्याला तिथे साडेतीन मीटरची भिंत दिसते, आणि मग फिरून देवळाच्या पायऱ्यांवरून खाली जातं. देवळाच्या पायऱ्यांवरून पाणी गेलेलं गावात कुणी पाहिलेलं नाही.

डंपी लेव्हल आणली, म्हणजे उंचीतला फरक मोजायची दुर्बीण, जुनी, सुमेधच्या सरांची. स्टाफ, म्हणजे आकड्यांची उंच पट्टी, धरायला आजींचा नातू. बोळाच्या वरच्या तोंडापासून खालच्या तोंडापर्यंत ३८ मीटरमध्ये ६१ सेंमी उतार. मग खात्रीला टँकरवाल्याला पटवून वर पाणी सोडलं, दीड-दोनशे लिटर असेल, दोन मिनिटात आजींच्या ओट्यापुढे. आजींनी बघितलं आणि परत शेंगा निवडायला लागल्या, एक शब्द नाही.

तर हिशोब असा: बोळातून गटार नेलं तर ३८ मीटर. देवळाला वळसा घालून १४० मीटर जास्त, शिवाय एका ठिकाणी खडक.

२४ फेब्रुवारी, सोमवार

पंचायतीची बैठक. बोळाचा रस्ता बाद. खालच्यांनी अर्ज दिलाय की बोळ आमच्या मालकीचा, आमच्या संमतीशिवाय खोदाई नको, आणि अर्जाला जोडलंय काय तर फ्लेक्सचा मोबाईलवर काढलेला फोटो, रंगीत प्रिंट, रेघेभोवती लाल पेनाने गोल. वरच्यांचा उलटा अर्ज, त्याला माझा रेषांचा नकाशा जोडलाय ज्यात बोळ आहे. दोन्ही कागद माझेच! वाद मिटेपर्यंत थांबायचं तर पावसाळा येतो, म्हणून वळशाचं गटार मंजूर. सदस्यांचं चुकलं असं मला म्हणता येत नाही, त्यांच्या जागी मी पण तेच केलं असतं.

दोघांनीही वेगवेगळं येऊन विचारलं की तुमच्या कंपनीचा शिक्का मारून द्या. नाही दिला. कंपनी पण नाहीये म्हणा.

पुढच्या कामासाठी स्वतःला: उड्डाणाच्या आदल्या दिवशी चुना वापरायचा नाही, जीसीपीला प्लास्टिकचे चौकोनी पॅनल न्यायचे आणि उडवून झालं की उचलायचे. बोळ आधी चालत जाऊन मोजायचे, डिजिटाइझ करायच्या आधी. ग्रामसभेत फोटो दाखवायचाच असेल तर स्क्रीनवर, प्रिंट नाही.

२ मार्च, रविवार

शेवटची चक्कर, पॉईंटचे खिळे दाखवून द्यायला आणि नकाशाच्या प्रती द्यायला. वळशाच्या गटाराची आखणी सुरू झालीये, फक्की मारून.

परत येताना बोळात डोकावलो. खालच्यांनी कौलांच्या पुढे नवीन पत्रा जोडलाय, निळा. सुमेधने सवयीने टेप लावली, १ फूट ४ इंच पुढे. मी विचारलं पावसासाठी का, तर त्यांची सून म्हणाली, "न्हाई, सरकारी ड्रोन येणार हाय ना आता." वरच्या घराचं कुलूप तसंच होतं, पण त्यांच्या पागोळीखाली पत्र्याचे चार नवे तुकडे भिंतीला टेकवून ठेवले होते. अजून लावले नाहीत.

फोटो काढला नाही. टेप सुमेधच्या गाडीत राहिली, बुधवारी घ्यायची. बिल पाठवलं.